बीरगावची फिल्टरचोरी

वर्दी उतरवून पाच वर्षं झाली, पण बीरगावची ती फिल्टरचोरी आठवली की आजही एकट्यालाच हसू येतं.

एका सकाळी एका संस्थेची ताई रडकुंडीला येऊन ठाण्यात बसली. मूळची भंडाऱ्याकडची. परदेशी मदतीतून तिच्या संस्थेने कारखाना-कामगारांच्या एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, पाण्याचे फिल्टर वाटले होते. त्यांचा खरोखर उपयोग होतो का, हे तपासायला परदेशातून एक मॅडम चार दिवसांनी येणार होत्या आणि बावीस घरांतले फिल्टर गायब!

"साहेब, फिल्टर दिसले नाही तर मदत बंद होते. माही नोकरीही जाते," ती म्हणाली.

फिर्याद घेतली, हवालदाराला घेऊन पाऱ्यात गेलो. बावीस घरांत एकच जबाब: "हव साहेब, चोरानं नेला." कुठे कडी तुटलेली नाही, गॅसचं सिलिंडर जागेवर. साधी बादली गेली तरी बाई चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. इथे कोणी एक शिवी देईना. मला संशय आला, पण नुसत्या संशयावर केस उभी राहत नाही.

दुसऱ्या दिवशी हवालदार धावत आला. संस्थेच्या ऑफिससमोर तो चहा पीत होता. "साहेब, तिथं फिल्टरची नवी कँडल फुकट देऊन राहिले. अन् रांगेत आपल्याच बाया!"

त्यांतल्या सर्वांत वडील मावशींना बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. पोलिसाने चहा दिला की माणूस जास्तच घाबरतं, हा माझा अनुभव.

"मावशी, फिल्टर चोरानं नेला, तर कँडल काहून घेतली? चोराले नेऊन द्याची होती का?"

मावशी पदर तोंडाला लावून आधी हसल्या, मग रडल्या. "चोरी नाही झाली, साहेब. तीजाले पोट्टी माहेरी आली होती. तिच्या गावात गढूळ पाणी, नातू सदा पोट धरून बसते. तिले रिकाम्या हातानं कशी धाडू? साऱ्याजणींनी आपापल्या पोट्टीले देला. पण फिल्टर कोणाले द्याचा नाही म्हणून कागदावर अंगठा घेतला होता. भेव लागलं, मंग साऱ्याजणी चोर म्हणालो."

मी कपाळावर हात मारला. इकडे तीजाच्या सणाला लेक माहेरी येते, साडी घेऊन परत जाते. माझ्या लेकीलाही आम्ही देतो. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता!

खोट्या जबाबाबद्दल सगळ्यांना चांगलं झापलं. ताईचा चेहरा मात्र पांढरा पडला. "आता मॅडमले काय सांगू?"

"खरं तेच सांग. पण ऑफिसात नको, गावात नेऊन."

मॅडम आल्या तेव्हा मीही त्यांच्यासोबत गावात गेलो. मावशींच्या लेकीच्या ओसरीवर फिल्टर होता, वर धुतलेलं फडकं. शेजारणी तांबे घेऊन रांगेत. मला बघताच लेकीची सासू फिल्टरला मिठी मारून उभी राहिली. "हमर बहू के मइके ले आय हे! नइ देवन!" आमच्या सुनेच्या माहेरचा आहे, देणार नाही!

ताईने भाषांतर करून सांगितलं. मॅडम पोट धरून हसल्या, मग तिथेच बसून बराच वेळ लिहीत राहिल्या. मदत चालू राहिली, ताईची नोकरीही. अंगठ्याचा तो कागद मात्र बंद झाला.

मदत कामाला आली का, हे बघायचं असेल तर ती जिथे दिली तिथेच थांबू नये, जिथे पोचली तिथवर जावं, एवढं मी त्या केसमधून शिकलो. नोकरीभर चोरीचा माल हुडकून परत आणला. तेवढं एकदाच, सापडलेला मुद्देमाल जागेवर सोडून आलो. सासूबाईंनी जाताना मलाही त्यातलंच तांब्याभर पाणी पाजलं.