अचलपूरच्या भुयारातला टेंभा

"अबे, टेंभा पेटव!" मामा भुयारात असे ओरडले, की वर अचलपुरातली सगळी कबुतरं उडाली असतील.

आजही तेलात जळलेल्या कापसाचा वास आला की मी त्या अंधारात पोचतो. कापसाच्या त्या तेजीत मामांनी वऱ्हाडातलं बोंड न् बोंड विकत घेतलं होतं आणि ऐटीत मला जुनं शहर दाखवायला नेलं होतं. वाटाड्या टेंभा घेऊन पुढे होता. मध्येच टेंभा विझला आणि समोरून गुरगुर आली. वाघ बैलाएवढा होता. दिसला नाही, पण आवाजावरून कळतं ना! भिंत चाचपत, श्वास रोखून, आम्ही उलट्या पावली उजेडात आलो.

"टेंभ्याले एवढुसाच कापूस कावून गुंडाळला बे?" मामांनी विचारलं.

वाटाड्या म्हणाला, "बाकीचा तुमीच नेला, शेटजी."