न मारलेल्या लाथेची कबुली

ती घटना आठवायची म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे आधी तीन बटणं येतात. महाशिवरात्रीचा दुसरा दिवस, सकाळची वेळ, उस्मानपुऱ्यातली एक दुमजली इमारत. हजर आम्ही चौघे: मी, माझा हवालदार आणि दोन पंच. घटनास्थळ पंचनाम्यात नोंद झाली ती अशी: दोऱ्यासह तुटलेली दोन पांढरी बटणं, एक निळं, पट्टा तुटलेली एक चप्पल आणि नालीवरच्या फरशीच्या कडेला रक्ताचा डाग.

आदल्या संध्याकाळी तिथे मारामारी झाली होती. इमारतीच्या वरच्या मजल्यावर कराटेचा क्लास चालायचा. तो चालवणारे मास्तर पंचेचाळिशीचे, परिसरात मान असलेले. पडेगावचा एक टेम्पोचालक चिकलठाण्याहून माल घेऊन आला होता. क्लासच्या मोटारसायकली आडव्या लावलेल्या, त्याचा टेम्पो अडकला. खालच्या ओट्यावर मास्तर आणि तो यांच्यात बाचाबाची झाली. थोड्या वेळाने टेम्पोचालक नालीपाशी बेशुद्ध पडलेला सापडला. त्याला सरकारी दवाखान्यात दाखल केलं. डोक्याला मागून मार होता आणि डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते.

फिर्याद जखमीच्या भावाने दिली. मास्तरांनी हवेत उडी घेऊन त्याच्या छातीत लाथ घातली, असं त्यात होतं. भावाचं म्हणणं, शिकलेल्या माणसाचे पाय म्हणजे शस्त्रच. कलम खुनाच्या प्रयत्नाचं लागलं. जखमी दगावला असता तर खुनाचं लागलं असतं. रस्त्यावर एकच कॅमेरा होता आणि तो दुकानदाराने स्वतःच्या गल्ल्याकडे वळवून ठेवलेला होता.

साक्षीदारांना मात्र तोटा नव्हता. क्लासचे विद्यार्थी ठाण्यात येऊन मोठ्या अभिमानाने जबाब देत होते. सर असे फिरले, पाय असा गेला, माणूस दोन हात लांब जाऊन पडला. आपण सरांचं कौतुक करतो आहोत असं त्या मुलांना वाटत होतं. त्यांच्या प्रत्येक वाक्यागणिक सरांची शिक्षा वाढते आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. समोरच्या चहावाल्यानेही लाथच सांगितली. मी त्याला विचारलं, त्या वेळी तू काय करत होतास?

"गाळणी धूत होतो साहेब."

"तोंड कुणीकडं?"

"नळाकडं."

"मग लाथ कशी दिसली?"

"आता सगळेच सांगायलेत साहेब. मी एकटा नाय म्हणून कसं सांगू?"

राहिले मास्तर. आरोपी पहिल्या दिवशी सगळंच नाकारतो, असा माझा अनुभव. हे गृहस्थ खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "लाथ मीच मारली साहेब. लिहून घ्या." पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, तरी तपासाचं काम ती सोपं करते. माझं काम मात्र अवघड झालं. कारण ती बटणं.

नोकरीत मी पुष्कळ मारामाऱ्यांच्या जागा पाहिल्या. चित्रपटात दोन माणसं हातभर अंतर ठेवून लढतात. शत्रू एकेक करून येतो, बाकीचे पाळीची वाट बघत उभे राहतात, आणि नायकाच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही. खऱ्या मारामारीत पहिल्या धक्क्यानंतर अंतर उरतच नाही. दोघं एकमेकांना धरतात, ओढतात, पडतात. आवाज येतो तो शिव्यांचा आणि दम लागल्याचा. म्हणून अशा जागी बटणं सापडतात, चपला सापडतात, कधी कुणाचा चष्मा. लाथेने माणूस लांब उडाला असेल, तर दोघांच्या शर्टांची बटणं एका जागी कशी पडतील? वैद्यकीय अहवालातही छातीवर खूण नव्हती. मानेवर नखांचे ओरखडे होते.

मला मार्ग दाखवला तो डब्याच्या पिशवीने. कोठडीतल्या माणसासाठी घरून येणारी प्रत्येक वस्तू आम्ही तपासून घेतो. मास्तरांच्या पत्नी डबा घेऊन आल्या. पिशवीत भाकरी-भाजी होती आणि खाली गुडघ्यावर चढवायचा जाड पट्टा. त्या हवालदाराला म्हणाल्या, "तेवढं त्यांना द्या भाऊ. फरशीवर झोपलं की गुडघा लई धरतो त्यांचा."

मी पट्टा हातात घेऊन कोठडीपाशी गेलो. मास्तर म्हणाले, "माझा नाही तो."

मग मी त्यांचं उठणं-बसणं पाहू लागलो. फरशीवरून उठताना ते गजांना धरत आणि उजवा पाय सरळ पुढे काढत. माझ्या खोलीकडे येताना दोन पायऱ्या चढाव्या लागतात. दोन्ही ते डावा पाय आधी टाकून चढले. मी सगळ्यांना बाहेर पाठवलं, दार लावलं आणि सांगितलं, "मास्तर, लाथ राहू द्या. नुसतं उकिडवं बसून दाखवा."

ते बसू शकले नाहीत. टेबलाला धरून अर्ध्यावर थांबले आणि पुन्हा खुर्चीत बसले. सहा वर्षांपूर्वी गुडघ्याचा स्नायुबंध तुटला होता. तेव्हापासून क्लासमध्ये लाथा वरच्या बेल्टचे विद्यार्थी करून दाखवत आणि सर चुका सांगत. एकाही पालकाला हे ठाऊक नव्हतं.

"मग झालं काय?" मी विचारलं.

"त्याने गचांडी धरली. मी घाबरलो साहेब. एवढी वर्षं शिकवलेलं काहीएक आठवलं नाही. मी त्याला मिठीच मारली, सोड म्हणालो. झटापटीत दोघं ओट्यावरून खाली गेलो. पोरं नंतर आली. मी उभा, तो पडलेला. एक जण म्हणाला, सरांनी लाथ मारली. मी गप्प बसलो."

"लाथ म्हटल्यावर किती वर्षं आत जाल, माहीत आहे का?"

"आणि मिठी म्हटल्यावर, साहेब? परत त्याच पोरांपुढं कसा उभा राहू?"

माणूस शिक्षा टाळण्यासाठी खोटं बोलतो, हे आम्हाला प्रशिक्षणातच शिकवतात. शिक्षा ओढवून घेण्यासाठीही माणूस तितक्याच निश्चयाने खोटं बोलतो, हे मला त्या खोलीत कळलं. त्यांना तुरुंग परवडत होता, हसं परवडत नव्हतं.

पाचव्या दिवशी टेम्पोचालक शुद्धीवर आला. डॉक्टरांची परवानगी घेऊन मी जबाबासाठी गेलो. तोही म्हणाला, मास्तरांची लाथ बसली. मी म्हटलं, छातीवर खूण नाही.

"आतून बसती साहेब. त्यांची विद्याच तशी असती."

उशाशी बसलेली त्याची बायको तोंड फिरवून म्हणाली, "घरची पायरी चुकतेत हे. ह्यांना पाडायला मास्तर कशाला लागतोय?"

त्यालाही ओट्यावरून पडल्याची लाज होती. मास्तरांच्या लाथेने पडण्यात इज्जत होती. आरोपी आणि जखमी, दोघंही एका न मारलेल्या लाथेला घट्ट धरून बसले होते.

गुडघ्याचे जुने कागद आणि डॉक्टरांचं मत मी गुन्ह्याच्या कागदपत्रांत जोडलं. चहावाल्याचा पुरवणी जबाब घेतला. मुलांचेही घ्यायचे होते, पण सरांवरची त्यांची श्रद्धा मी खोडून काढणं मला बरं वाटेना. मी मास्तरांना म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी एक रात्र मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात मुलं आणि काही पालक जमले. हवालदार शेजारी उभा. मास्तर म्हणाले, "मी लाथ मारली नाही. मला मारता येत नाही, माझा गुडघा गेलेला आहे. मी घाबरलो होतो. आम्ही दोघं पडलो." एक पालक आपल्या मुलाला दंडाला धरून घेऊन गेले. मग पुढे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही पण त्याच ओट्यावरून पडला ना? मग तुम्हाला काहीच कसं नाही लागलं?"

मास्तर म्हणाले, "हनुवटी छातीला लागली होती. हात आधी टेकला. ते आपोआप झालं."

मी ते ऐकलं आणि थक्क झालो. वीस-बावीस वर्षांच्या साधनेतलं त्या संध्याकाळी एवढंच कामाला आलं होतं, डोकं सांभाळून पडणं. पडद्यावर नायक कधी पडायला शिकत नाही. ते काम दुसऱ्यांचं असतं. माझ्या नोकरीत ज्या मारामाऱ्या खुनापर्यंत गेल्या, त्यांतल्या कितीतरी ठोशाने गेल्या नाहीत. जमिनीने गेल्या, दगडाने, पायरीच्या कडेने. हे मी नंतर आमच्या नव्या शिपायांनाही सांगत आलो.

दोषारोपपत्रात कलम जबर दुखापतीचं राहिलं, त्यात कोर्टाच्या परवानगीने तडजोड होते. क्लास निम्म्यावर आला, पण बंद पडला नाही. तडजोडीच्या दिवशी दोघं कोर्टाच्या आवारात भेटले. टेम्पोचालकाने मास्तरांना बाजूला घेतलं. मी जवळच होतो.

"मास्तर, एक विनंती. आमच्या पडेगावात कुणी विचारलं, तर लाथच म्हणा."

मास्तर म्हणाले, "तुम्ही खुशाल म्हणा. मला आता नाही जमायचं."

ठरलेले अठरा हजार रुपये, औषधपाण्याचे आणि बुडालेल्या भाड्याचे, त्यांनी वकिलासमोर टेम्पोचालकाच्या बायकोच्या हातात दिले.