चूक क्रमांक सात

तो भुताचा सिनेमा चार मित्रांनी पदरचे पैसे घालून, साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर केलेला. भूत एकदाही दिसत नाही. बेटावर अडकलेली माणसं आणि पाण्याचा आवाज, एवढंच. आमच्या रीडिंग गावातल्या एका छोट्या सभागृहात तो पाहिला, डीव्हीडी घेतली आणि याच ब्लॉगवर त्यातल्या सतरा चुका मांडल्या. सिनेमाचं शिक्षण मी कुठे घेतलेलं नाही. जे येतं ते फ्रेम थांबवून थांबवून शिकलेलं. चूक क्रमांक सात अशी: शेवटी माणसं समुद्राकडे बघत असतात आणि पाणी त्यांच्या पाठीमागून, जमिनीच्या बाजूने येतं. अशक्य. सिनेमा जिथे घेतला त्या बेटावर जाऊन हे चित्रित करून दाखवायचं म्हणून मे महिन्यातल्या एका शनिवारी निघालो.

रीडिंगहून एम-फोर महामार्ग, मग लंडनभोवती एम-ट्वेंटीफाइव्हचा वळसा, पुढे ए-ट्वेल्व्हने एसेक्सचा किनारा. अडीच तास धरा. शेवटचा रस्ता एकाच गाडीपुरता. समोरून ट्रॅक्टर आला की रिव्हर्स तुम्हीच घ्यायचा. पार्किंग फुकट, टॉयलेट नाही. खायलाही काही मिळत नाही. सुलभाने, म्हणजे बायकोने, धपाटे आणि थर्मासमध्ये चहा घेतला होता म्हणून निभावलं.

बेटावर जायला चिखलातून पाऊण मैल दगडी वाट आहे, कडेने लाकडी खांब. ती फक्त ओहोटीला उघडी पडते. वेळापत्रक इंटरनेटवरून छापून आणलं होतं. अशी वेळापत्रकं ग्रिनिचच्या वेळेत असतात, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मी मिळवला होता. परतायची शेवटची वेळ, सव्वादोन.

बाराला वाटेच्या तोंडाशी पोचलो. कुत्रं घेऊन एक म्हातारी उभी होती.

"आत्ता निघालात? मग लगेच वळा हं."

मी कागद उलगडून पुढे केला.

"मला कशाला दाखवतोस? पाण्याला दाखव."

सुलभा हसली. मी नाही.

सिनेमातलं पडकं होडीघर सापडलं. भिंतीवर खोटं रक्त अजून होतं, तपकिरी पडलेलं. तिथेच धपाटे खाल्ले आणि दीडला परत निघालो. किनारा दोनशे पावलांवर आला तेव्हा मी थांबलो, वळलो, समुद्राकडे कॅमेरा रोखला. समुद्र लांब, शिशासारखा, हलतसुद्धा नव्हता.

"अहो," सुलभा हळूच म्हणाली, "मागे बघा."

किनाऱ्याच्या बाजूची चिखलातली घळ भरली होती. येताना जिथून कोरड्या बुटांनी आलो, तिथे वाटच नव्हती. आणि आवाज येत होता: बारीक, चुटचुट, चिखल पाणी पितो तसा. सिनेमातला हाच आवाज मी 'नळाखाली रेकॉर्ड केलेला' म्हणून चूक क्रमांक अकरा ठरवला होता.

"परत बेटावर जाऊ," मी म्हणालो. पण तिकडची वाटही चकाकायला लागली होती.

पाणी घोट्याला, मग गुडघ्याला. दगड दिसेनासे झाले. मी एका हाताने कॅमेरा डोक्यावर धरला होता.

"तो टाका आणि माझा हात धरा!"

सत्तावीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर अशी ओरडली नव्हती. टाकला. पुढच्याच पावलाला माझा पाय कडेवरून सुटला, कमरेइतकं पाणी मला आडवं ओढायला लागलं, आणि तिने मनगट सोडलं नाही.

"खांब डाव्या हाताला ठेवा! खांब!" किनाऱ्यावरून म्हातारी ओरडत होती.

खांब मोजत आलो. नऊ. बाहेर आलो. कुत्र्याचा टॉवेल म्हातारीने सुलभाच्या खांद्यावर टाकला.

गाडीत हीटर लावून सुलभाने माझ्या खिशातला ओला कागद उलगडला. तळाशी बारीक अक्षरं होती.

"अहो, उन्हाळ्याचा तास धरलेला आहे असं लिहिलंय इथे."

मी वाचलंच नव्हतं. मला माहीत होतं ना! म्हणजे परतायची खरी वेळ सव्वाएक.

तुम्ही जाणार असाल तर कागद न्या, पण तिथल्या माणसालाही विचारा, आणि तो सांगेल ते ऐका.

यादीतल्या सात आणि अकरा क्रमांकाच्या चुका मी खोडल्या आहेत. उरलेल्या पंधरा बरोबर असाव्यात. ती डीव्हीडी पुन्हा लावून तपासायचा धीर होत नाही. सुलभा आंघोळीचा टब भरायला लावते तेव्हा मी खुर्ची फिरवतो आणि पाठ भिंतीला टेकवून बसतो.