यीस्टच्या पोटातली दारू

प्रयोगशाळेत वीस वर्षं काढली की किस्से बेसिनमधल्या परीक्षानळ्यांसारखे साचत जातात. धुवायला कुणालाच वेळ नसतो. अकोल्याच्या आमच्या कॉलेजातले हे किस्से एकाच प्रश्नाभोवतीचे. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल करतं. ते अल्कोहोल पेशीच्या आवरणातून सरळ बाहेर पडतं, की आवरण थोडं आत अडवून धरतं? आमचे देशमुख सर म्हणत, अडवतं. तसा त्यांचा लेखही छापून आला होता आणि सरांना त्याचा भारी अभिमान होता.

*

दारूबंदीचे दिवस. कॉलेजात दारू तयार होते अशी कुणीतरी चहाडी केली आणि अबकारी इन्स्पेक्टर तपासणीला आले. चहाडी खोटी म्हणायची सोय नव्हती. सरांनी फळ्यावर भलीमोठी पेशी काढून तासभर समजावलं, आत किती, बाहेर किती. इन्स्पेक्टरांनी सगळं वहीत टिपून घेतलं.

"बाहेरची बाटलीत हाय, तिले सील ठोकतो. आतलीले कुठून ठोकू?"

सर खूश झाले. नेमका प्रश्न विचारणारा हा अकोल्यातला पहिलाच माणूस, असं ते पुढे कितीतरी दिवस सांगत होते.

*

यीस्ट आम्ही एका हाजीसाहेबांच्या बेकरीतून आणत असू. त्याचं आम्ही काय करतो हे कानावर गेल्यावर त्यांनी ते देणंच बंद केलं. मग आमचे प्रयोगशाळा-परिचर रहीमभाई त्यांना भेटून आले.

"हाजीसाब, ये लोग पीते नहीं. सिर्फ नापते हैं."

हाजीसाहेबांना आमची दया आली असावी. दुसऱ्या दिवसापासून यीस्टबरोबर चार पावही येऊ लागले.

*

मधुकर तायडे बार्शीटाकळीचा. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये मजूर, हा घरातला पहिला पदवीधर. सरांच्या हाताखाली तो एम.एस्सी.चा प्रबंध करत होता. प्रबंध पास झाला तर कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची जागा, नाही तर परत गाव. आवरण अल्कोहोल किती अडवतं हे मोजायचं, असा विषय सरांनीच दिलेला.

यीस्ट द्रवापासून वेगळं करायला हातानं फिरवायचं सेंट्रिफ्यूज होतं. मे महिन्यात तायडे ते अर्धा अर्धा तास फिरवी, तळाशी बसलेलं यीस्ट चेचून मोजी. आतलं अल्कोहोल दर वेळी बाहेरच्यापेक्षा जास्तच भरे. सर खूश, तायडे निश्चिंत.

एके दिवशी त्याचा हात थकला, यंत्र रेंगाळलं आणि आकडा आणखी वाढला. असं का व्हावं यावर आम्ही डोकं खाजवत बसलो. रहीमभाई काचा पुसत होते.

"तुमी फिरवून राह्यले तवर ते यीस्ट का सुट्टीवर जाते? त्याचं काम चालूच असन ना."

मी हसलो. तायडे मात्र हसला नाही.

*

यीस्टचं काम थांबवायचं तर ते गार करायला हवं. तायडे सायकलवर भुश्यात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन आला. त्या रणरणत्या उन्हात छत्री लादीवर होती आणि हा उघड्या डोक्यानं पायडल मारत होता! बर्फात ठेवून मोजलं, तर आत आणि बाहेर अल्कोहोल सारखंच. म्हणजे कुणी काही अडवत नव्हतं. ते सरळ बाहेर जात होतं, आणि फिरवता फिरवता नव्यानं तयार झालेलं आम्ही अडवलेलं म्हणून मोजत होतो.

तायडेचा चेहरा उतरला. प्रबंध खरा लिहिला तर सर खोटे पडतात, आणि सरांच्या सहीशिवाय प्रबंध पुढे जात नाही. त्यानं आकड्यांची वही कपाटात ठेवून दिली. रहीमभाईंनी ती काढून सरांच्या टेबलावर ठेवली.

चार दिवस सर प्रयोगशाळेकडे फिरकले नाहीत. मला तायडेची फार काळजी वाटली. पाचव्या दिवशी सकाळी सायकलरिक्षातून सर आले, धोतर ओलंचिंब, मांडीवर बर्फ.

"तायडे, तुमी बसा. आज मी फिरवतो."

आकडा तोच आला. सर घाम पुसून घरी गेले.

*

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी एका हातात तायडेचा प्रबंध धरला, दुसऱ्या हातात सरांचा जुना लेख. हा मुलगा तुम्हालाच चुकीचं ठरवतो आहे आणि तुम्ही सही कशी केलीत, असं त्यांनी सरांना विचारलं. तायडे खाली मान घालून उभा होता.

सर म्हणाले, "केली. दोन्ही वेळा मशीन मीच फिरवत होतो."