खाली ठेवलेला पेला

कल्पना करा, तुमच्या डाव्या हातात लांब चोचीचा, वाफाळत्या कॉफीने भरलेला पितळी किटलीसारखा दल्ला आहे. उजव्या हातात एकात एक घातलेले, कान नसलेले पाच इवले पेले. खोलीत बारा माणसं गालिच्यावर बसली आहेत. मधोमध तो बसला आहे, ज्याची तसबीर शाळेत, न्हाव्याच्या दुकानात आणि तुमच्या स्वतःच्या घरातही टांगलेली आहे. पहिला पेला तुम्ही सगळ्यांसमोर प्यायचा. आपल्याकडे ओतणारा पूर्वीपासून तसाच पितो, पाहुण्याला भरवसा वाटावा म्हणून. इथे मात्र तुम्ही प्यायलात की सगळे थोडा वेळ तुमच्याकडे बघत राहतात. तुम्ही उभेच राहिलात, तर दुसरा पेला त्याचा. दोन-तीन घोटांपुरतीच कॉफी ओतायची. थेंब सांडायचा नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही.

खलफकाकांनी हे काम एकोणीस वर्षं केलं.

आता ते बहात्तर वर्षांचे आहेत आणि आमच्या गल्लीत, नदीच्या बांधाजवळ राहतात. मी पाणीपुरवठ्यात पंपांची इंजिनिअर. दुपारी वीज जाते, पंप थांबतात, तेव्हा मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसते. ते सांगतात, मी टाइप करते. साहेब, म्हणजे आमचा हुकूमशहा, गेला आणि त्याच्या पदरच्या माणसांच्या आठवणींची रांगच लागली. ड्रायव्हरने लिहिलं, शिंप्याने लिहिलं, मालिशवाल्याने तर दोन भागांत लिहिलं.

"सगळी वाचली मी," काका म्हणाले. "प्रत्येक पुस्तकात लिहिणारा दाराशी उभा असतो आणि त्याला काही ऐकू येत नाही. आमच्याकडे एवढे बहिरे लोक नोकरीला होते, मला माहीतच नव्हतं."

मी पहिल्याच प्रकरणात लिहिलं होतं, 'मी फक्त कॉफी ओतत होतो.' ते त्यांनी मला खोडायला लावलं.

"मग काय लिहू, काका?"

"लिही, मला दिसत होतं, ऐकूही येत होतं. पगार चांगला होता आणि भीती वाटायची. दोन्ही लिही. पगार आधी लिही."

काकू, म्हणजे उम् दहाम, दहामची आई, आत भेंड्या दोऱ्यात ओवत होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "आणि हेही लिही पोरी, त्या मेल्याला एकोणीस वर्षं वाकून वाकून पाजली. बायकोला एकदा ओतून दिली नाही."

"तू चहा पितेस."

"विचारलंत कधी?"

हेही मी लिहिलं. काकांनी ते ठेवलं.

पुस्तक पुरं झालं आणि राजधानीतल्या प्रकाशकाचा, फादीचा फोन आला. त्याला साहेबाच्या केसांच्या रंगाचं प्रकरण आवडलं होतं, त्याच्या औषधाच्या गोळ्यांचं त्याहून जास्त. "पण पान एकशे चार काढू या," तो म्हणाला. "त्यात काही घडतच नाही."

काकांनी फोन ठेवला आणि ते दाढी खाजवत बसले. त्या एका पानासाठी तर त्यांनी बाकीची दोनशे पानं सांगितली होती.

पान एकशे चार असं आहे. गुरुवारी साहेब लोकांना भेटायचा; बरेचजण पकडून नेलेल्या आपल्या माणसांसाठी आलेले असायचे. एका गुरुवारी साठीचा एक माणूस आला. त्याच्या झग्याला खांद्यावर लाल दोऱ्याने रफू केलेलं होतं. तो रांगेत अगदी शेवटी बसला. काकांनी दिलेला पेला त्याने घेतला आणि न पिता समोर गालिच्यावर ठेवला.

आमच्याकडे कुणालाही विचारा. पाहुण्याने भरला पेला खाली ठेवला, की तो काहीतरी मागायला आलाय. तोंडाने मागायचं नाही, पेल्यानेच मागायचं. यजमानाने बघायचं आणि म्हणायचं, घ्या, तुमचं काम झालं. मगच पाहुणा पितो. बघूनही नाही म्हणालेला यजमान चारचौघांत तोंड दाखवू शकत नाही. साहेब तर भाषणात स्वतःला तंबूत वाढलेला म्हणवायचा. बारा माणसांसमोर त्याला नाही म्हणता आलं नसतं.

पण महालाचा एक नियम होता. विषाच्या धास्तीने केलेला. पाहुण्यापुढे पेला राहू द्यायचा नाही, तो लगेच ओतणाऱ्याच्या हातात परत यायला हवा. काका वाकले आणि त्यांनी पेला उचलला.

"डोकं तेव्हा कुठे होतं?" मी विचारलं होतं.

"दल्ल्यात. हाताला सवय होती. हात गेला, पेला आला, आणि मग मला कळलं की तो भरलेला आहे."

त्या माणसाने समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. काकांनाच ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "माझा मुलगा होता त्या पेल्यात."

तेवढ्यात साहेबाचा आवाज आला, "तुम्ही, बाबा? कॉफी मिळाली ना?"

"मिळाली. अल्ला तुम्हाला आयुष्य देवो," तो म्हणाला. मग त्याची वेळ संपली.

"तुम्ही पेला परत ठेवू शकला असतात?"

"दोन पावलं होती," काका म्हणाले. "लिहिलंय ना वर, भीती वाटायची."

त्या माणसाचं नाव काकांना माहीत नाही. भेटीला येणाऱ्यांची नोंदवही महालाबरोबर जळाली. उरलं फक्त पुस्तक. कुणीतरी ते वाचेल, लाल रफू ओळखेल.

करारावर सही करायला आम्ही दोघं बसने राजधानीत गेलो. फादी तिशीतला, किनाऱ्याकडच्या शहरात वाढलेला, बोलायला गोड. त्याने यंत्रातली कॉफी कागदी कपात मागवली. काकांनी कप घेतला आणि न पिता टेबलावर ठेवला.

"साखर हवी का, अबू दहाम?" त्याने काकांना विचारलं.

काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"थंड होतेय. दुसरी मागवू का?" फादीने कपाकडे हात नेला.

"राहू दे तो!" मी ओरडलेच. मग मलाच लाज वाटली. "तुम्ही एकशे चार वाचलंत ना?"

"वाचलं की. म्हणून तर..." फादी थांबला. त्याने कपाकडे पाहिलं, मग काकांकडे. हात हळूच मागे घेतला. "म्हणजे आता मी काय म्हणायचं असतं?"

"ते मी सांगू शकत नाही," काका म्हणाले. "मी पाहुणा आहे."

फादी हसला, कपाळावरून हात फिरवला. "केसांचा रंग मात्र राहणार हं."

"हवा तेवढा फास."

"घ्या, काका. पान राहील."

काकांनी कप संपवला. मला म्हणाले, "गटाराचं पाणी," आणि सही केली.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "लॅपटॉप काढ. त्या पानाखाली माझा फोन नंबर टाक."

"पुस्तकात नंबर नसतो, काका."

"या पुस्तकात असेल. आणि वर त्या रफूवाल्या माणसासाठी एक ओळ. त्यांना 'तुम्ही' म्हण."

मी टाइप केलं. त्यांनी ते दोनदा वाचून दाखवायला लावलं.

तुमचा पेला मी उचलला. तुमचा मुलगा घरी आला का?