कॅप्टनचा कापलेला शेवट

एका सिनेमाचा शेवट मी कात्रीनं कापला होता. पस्तीसएक वर्षं झाली. हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं — बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. तुम्ही म्हणाल, एवढंच? एवढंच असतं तर लिहायला बसलो नसतो. त्या कापलेल्या शेवटापायी पुढं एका माणसाचा जबडा मोडला. पण ते एकदम लिहायचं बळ माझ्यात नाही. आधी सिनेमाचंच सांगतो.

उरणला मिठागरांच्या कडेला माझ्या मामाचं व्हिडिओ सेंटर होतं. पत्र्याची शेड, बाकडी, एक टीव्ही आणि एक व्हीसीआर. बंदरासाठी जमिनी गेलेल्या घरांतली पोरं तिथं यायची. घरात भांडण, गावात भांडण, कंत्राटदाराच्या माणसांशी भांडण — आणि मग आमच्या बाकड्यावर बसून पुन्हा भांडण. आठवड्यातून एकाचं तरी डोकं फुटायचंच. सिनेमे बहुतेक इंग्रजी असायचे आणि इंग्रजी कुणाला येत होतं? म्हणून मामानं एक पद्धत पाडली होती. टीव्हीचा आवाज बारीक करायचा आणि मी माईक घेऊन बाजूला उभं राहायचं. पडद्यावर कोण काय बोलतंय ते मी आपल्या बोलीत सांगायचं. मी दहावीपर्यंत शिकलेला. मला तरी कुठं इंग्रजी येत होतं? अर्धं समजायचं, अर्धं मी रचायचो. हे पोरांना माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, हा सगळं समजून सांगतो.

तो सिनेमा जुना होता, अंतराळातला, जगभर गाजलेला. आमच्याकडं त्याला ‘कॅप्टनचा पिक्चर’ म्हणायचे. एक यान मेलेल्या ग्रहावर उतरतं. तिथली जनावरं माणसांना फाडून खातात. शेवटी दोघंच उरतात — कॅप्टन आणि त्याचा मेकॅनिक. मेकॅनिक जखमी होऊन बाहेर पडलेला असतो, जनावरं जवळ येत असतात आणि कॅप्टन यानाचं दार लावून घेतो. मेकॅनिक बाहेरून काचेवर मुठी आपटत राहतो. यान उडतं.

कॅसेट आली त्या दुपारी मी आणि दिनानं ती शेड बंद करून पाहिली. दिना म्हणजे माझा शेजारी, एका शाळेतला, एकाच बाकावरचा. मामाचा नियम होता की लोकांना दाखवण्याआधी मी एकदा पाहून घ्यायचं. त्या दुपारी आम्ही खरा शेवट पाहिला. यान उडतं, पण कॅप्टन ते परत फिरवतो. तो खाली उतरतो, जनावरांच्या तोंडातून मित्राला ओढून काढतो आणि त्याच्यासमोर गुडघ्यावर बसतो. मी रडलो. ढसाढसा रडलो. दिना हसला नाही, त्यानं फक्त पंखा माझ्याकडं फिरवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दिना बोटीवर कामाला लागला आणि गेला.

आमच्याकडं खाऱ्या हवेनं कॅसेटच्या फितीला बुरशी धरायची. म्हणून कपाटात सतत एक बल्ब पेटता ठेवायचा, म्हणजे ऊब राहते. ते काम माझं होतं. दिना गेला त्या आठवड्यात मी दोन-तीन दिवस बल्ब लावायचा विसरलो. कॅप्टनची कॅसेट मशीनमध्ये घातली आणि मशीननं ती खाल्ली — शेवटाकडचा भाग पार चुरगळला. मामा मारायचा तो केबलनं मारायचा. पाठीवर मारायचा, आणि वळलो तर तोंडावर. मागच्या वेळचे वळ अजून काळे होते. मी काय केलं असेल? कात्री घेतली, चुरगळलेली फीत कापून टाकली, दोन टोकं सेलोटेपनं चिकटवली. यानाचं दार लागतं, यान उडतं — आणि लगेच नावं सुरू.

त्या दिवशीच्या खेळाला दार लागलं, नावं वर सरकू लागली, आणि शेड गप्प झाली. कुणीतरी आता विचारणार, पुढचं कुठं गेलं? मी घाबरलो. माईकमध्ये तोंडाला आलं ते बोललो : ‘‘मागं बघंल तो मरंल. चल!’’

शेड फुटली. शिट्ट्या, आरडाओरडा. एकानं आनंदानं बाकडं उचलून भिंतीवर मारलं. मामानं माझी पाठ थोपटली — त्याच पाठीवर. मी ते दुखणं सहन करून हसलो.

मग ते वाक्य माझं राहिलं नाही. पोरांनी ते हातावर गोंदवलं. पुढं ती पोरं बंदरातले कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरची मालक झाली, तेव्हा ते ट्रेलरच्या मागं रंगवलं गेलं. मारामारीला निघताना ते म्हणायचं, आणि भावकीत वाद लागला, कुणाला घराबाहेर काढलं तरी तेच म्हणायचं. एकानं म्हाताऱ्या बापाला बाहेर काढताना ते म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मी काय केलं? काही नाही. कारण लोक मला ‘कॅप्टनचा आवाज’ म्हणायचे. व्हिडिओ सेंटर कधीच बंद पडलं होतं, मी बंदरातून माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटाकडं साधा कारकून होतो. पण वर्षातून एका संध्याकाळी त्या पोरांतल्याच संत्याच्या यार्डात कंटेनरच्या पांढऱ्या बाजूवर प्रोजेक्टरनं तीच जुनी कॅसेट दाखवली जायची — दुसरीकडं तो सिनेमा कुणी पाहिलाच नव्हता, आणि पन्नाशीला आलेले दांडगे पुरुष माझ्या हातात माईक देऊन पाया पडल्यासारखे वाकायचे. दुसरं काय होतं माझ्याकडं?

मग बातमी आली. सिनेमा बनवणारा आता म्हातारा झाला होता आणि त्यानं सिनेमा पुन्हा नव्यानं जोडून बाजारात आणला होता. रंग नवे, यान कॉम्प्युटरवर केलेलं, काही प्रसंग कापलेले, काही घातलेले. जगभर लोक चिडले, शिव्या देऊ लागले. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर आगच लागली. न पाहताच. ‘जनावरांचं रक्त कमी केलंय म्हनं.’ ‘म्हाताऱ्याला एकदा उरनला आना, खाडीच्या चिखलात उभा गाडतो.’ संत्यानं लिहिलं, ‘आपन बघू. चांगला असंल तर ठीक, नायतर पडदाच फोडू.’ संत्या म्हणजे आमच्यातला सगळ्यांत तापट — दहा ट्रेलरचा धनी, बोलण्याआधी हात उचलणारा. मी त्यावर होकाराच्या अंगठ्याचं चित्र टाकलं. मला भीती वाटत नव्हती का? वाटत होती. पण मी स्वतःला सांगितलं, म्हाताऱ्यानं शेवटही बदलला असेल. कापलेलं कुणाला कळणार आहे?

त्या वर्षी दिना बोटीवरून कायमचा परत आला होता. मीच त्याला बोलावलं. मीच. हे लिहून ठेवतो.

दिवस मावळला होता. नवी आवृत्ती लावली, आवाज बारीक केला, माईक माझ्या हाती दिला. पहिल्या तासात शिव्यांचा पाऊस पडला. यान दिसलं की शिवी, रंग दिसला की शिवी. खुर्च्या आपटणं सुरू झालं. दिना माझ्या उजव्या हाताला बसून हसत होता. त्यानं विचारलं, ‘‘काय रं, हे पिक्चर बघायला आलेत का मारामारी करायला?’’

दार लागलं. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, ‘‘मागं बघंल तो मरंल. चल!’’ सगळं यार्ड माझ्याबरोबर ओरडलं. आणि सिनेमा पुढं चालूच राहिला.

कॅप्टननं यान वळवलं.

मी माईक खाली केला. कंटेनरवर कॅप्टन मित्रासमोर गुडघ्यावर बसलेला. कोणीतरी किंचाळलं, ‘‘म्हाताऱ्यानं आपल्या कॅप्टनची बाई केली रं!’’ एक खुर्ची उडाली, मग दुसरी. लोक कंटेनरवर दगड मारू लागले, पत्रा ढणाढण वाजू लागला. आणि दिना उठला. तो भांडायला उठला नव्हता. तो खूश झाला होता हो. जुना मित्र भेटावा तसा. तो ओरडून सांगू लागला, ‘‘आरं, यानं नवं काय नाय केलं! हाच शेवट व्हता. आमी दोघांनी बघितलाय. हा तर ढसाढसा रडलेला!’’ त्यानं माझ्या दंडाला धरलं. ‘‘सांग ना यांना. तू सांग.’’

जवळचे चार-पाच जण हसले. एक म्हणाला, ‘‘कॅप्टनचा आवाज रडला व्हय?’’

मला एवढंच म्हणायचं होतं — हो, रडलो होतो. तीन शब्द. मी म्हटलं, ‘‘मना नाय आठवत.’’

‘‘आसं कसं नाय आठवत? कॅसेट तर तूच लावायचास!’’

त्याच वेळी प्रोजेक्टरवर खुर्ची पडली आणि अंधार झाला. मी खाली वाकलो. ट्रेलरची चाकं खोलायचा लोखंडी पाना तिथं पडलेला असायचा, हे मला माहीत होतं. मी तो चाचपडत शोधला — म्हणजे विचार करायला वेळ होता, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगतो. दिनाचा आवाज जिथून येत होता तिथं मी तो घातला. त्याच्या डाव्या कानावर. ओलं लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला आणि त्याचं बोलणं अर्ध्या शब्दात थांबलं. मी ओरडलो, ‘‘गद्दार हाय हा!’’ मग लाथा सुरू झाल्या. कुणाच्या, किती, ते मला माहीत नाही. मी पाना ट्रेलरखाली ढकलला आणि दोन पावलं मागं सरलो. त्याचे दात सिमेंटवर घासल्याचं ऐकू येत होतं. मी उभा होतो. लाथा आपोआप थांबेपर्यंत मी उभा होतो.

मोबाइलचे उजेड पडले तेव्हा संत्या त्याच्या अंगावर होता. संत्याच्या मुठीला रक्त होतं. सगळ्यांना वाटलं संत्यानंच फोडला. संत्यालाही तेच वाटलं. आणि मी पुढं होऊन दिनाचं डोकं मांडीवर घेतलं.

पनवेलच्या दवाखान्यात मीच नेलं. मोटरसायकलवरून पडला, असं सगळ्यांनी सांगायचं ठरलं, आणि ते बोलणारा मी होतो — आवाज माझा ना! जबडा तारांनी बांधला. डाव्या कानाचा पडदा आणि आतलं सगळंच गेलं. दिनाला काहीच आठवत नव्हतं. प्रोजेक्टर पडला, मग पनवेल. मी रोज शहाळं घेऊन जायचो, नळीनं पाजायचो. त्याची बायको, सुनंदावहिनी, मला म्हणाल्या, ‘‘भावजी, तुमी नसता तर हे तिथंच मेले असते.’’ मी काय म्हणालो असेन? ‘‘आसू दे वहिनी,’’ म्हणालो. आणि सांगायलाही लाज वाटते — त्या क्षणी मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

संत्या पार ढिला पडला. त्यानं यार्डातला कार्यक्रम बंद केला, दिनाच्या पायांवर डोकं ठेवून आला. लोक त्याला मागून ‘कानफोड्या’ म्हणू लागले. तो खालमानेनं ऐकून घ्यायचा, तो संत्या! मी समोर असायचो. चहा प्यायचो त्याच्याबरोबर.

दोन पावसाळे असे गेले. मग या गणपतीत दिनाच्या घरी आरतीला गेलो होतो. दिना टाळ वाजवत होता आणि त्याचा ताल चुकत होता. एका कानानं त्याला पेटी कुठून येते ते नीट कळत नव्हतं. एका पोरीनं हसून त्याच्या हातातून टाळ काढून घेतले. तो बाजूला जाऊन उभा राहिला. कुणावर चिडला नाही. घरी आलो आणि रात्रभर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहीत आणि पुसत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गेलो. दिना ओट्यावर पेपर वाचत होता, वहिनी आत होत्या. मी त्याच्याजवळ बसलो आणि खाली बघत सगळं सांगून टाकलं. बल्ब, कात्री, सेलोटेप, पाना. हळू आवाजात सांगितलं, एका दमात. संपल्यावर वर बघितलं तर तो माझ्याकडं पाहून हसत होता.

‘‘काय रं पुटपुटतंस मगासधरनं? तो कान मेलेला हाय ना. इकडनं बोल.’’

मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो. नकळत बसलो का? मला खात्रीनं सांगता येत नाही. तेव्हा उठून निघून जाता आलं असतं. ‘काय नाय, असंच’ म्हटलं असतं तर तो पुन्हा पेपरात शिरला असता.

मी उठलो, त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. आता आवाज मोठा निघाला. आत भांडी वाजत होती ती थांबली. वहिनी दारात आल्या. दिनाचं हसू हळूहळू गेलं. त्याचा हात कानाकडं गेला आणि तिथंच राहिला.

मी म्हणालो, ‘‘दिना, शेवट तोच होता. तू खरं बोललास. मी रडलो होतो. फीत मी कापली, आणि तुझ्या कानावर पाना मी मारला — संत्यानं नाही, मी. ग्रुपवर मी सकाळीच लिहून टाकलंय. मी तुझा गुन्हेगार आहे. वहिनी, तुमचाही. मला माफ करा असं म्हणायला आलो नाही. मी चुकलो, एवढंच तुमच्या तोंडावर सांगायला आलो.’’