एक फेरा

"आधी माशी, मग दुनिया," असं म्हणून चाचा डावा डोळा मिटायचे आणि उजव्या हाताचा अंगठा समोर धरायचे. अंगठ्यापलीकडे काय असेल त्याला धरबंध नव्हता. कधी लक्ष्याचा पुठ्ठा, कधी मेसमधल्या थाळीतला तळलेला मासा, कधी पार्किंगमध्ये शिरणारी मॅनेजरची गाडी. बंदुकीच्या नळीच्या टोकावर जो बारीक मणी असतो त्याला माशी म्हणतात. नेम धरताना नजर माशीवर ठेवायची, लक्ष्य जरा धूसर दिसलं तरी चालतं, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. पण चाचांनी त्याचं तत्त्वज्ञान करून टाकलं होतं. मुलीसाठी स्थळ आलं तेव्हाही ते फोनवर बायकोला म्हणाले, "आधी माशी बघ, मग दुनिया." बायकोने फोन ठेवून दिला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघं दोह्याबाहेर, दुहैलच्याही बरंच पुढे, वाळूत बांधलेल्या एका शूटिंग क्लबात नोकरीला होतो. ते रत्नागिरीकडचे, बंदुका दुरुस्त करणारे मिस्त्री. मी नाशिकचा, स्टोअरचा क्लार्क. शस्त्रांच्या खोलीला दोन कुलपं होती. दोन्ही कुलपांच्या किल्ल्यांचा एकेक जुडगा फक्त आम्हा दोघांकडे असे. क्लबात मराठी बोलणारेही आम्ही दोघंच. अशा दोन माणसांमध्ये मैत्री होते असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही परदेशात नोकरी केलेली नाही.

त्यांचा शिकारीचा इतिहास मोठा होता. लहानपणी बापाच्या ठासणीच्या बंदुकीने त्यांनी भातात शिरलेलं रानडुक्कर मारलं होतं. मी क्लबात नवा होतो तेव्हा ते डुक्कर कुत्र्याएवढं होतं. पाच वर्षांत ते म्हशीएवढं झालं.

"चाचा, मागच्या वेळी सुळे चार बोटांचे होते."

"मेल्यावर वाढतात," ते न अडखळता म्हणाले.

मला ते कॅटलॉगसाहेब म्हणत. कारण मी आयुष्यात एकही गोळी न झाडता कुठल्या बंदुकीवर काय बसतं हे कॅटलॉगातून पाठ केलं होतं आणि मॅनेजरसमोर ते घडाघडा म्हणून दाखवायचो. चाचा तेवढ्यात फडक्याने हात पुसत, सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत विचारायचे, "काय कॅटलॉगसाहेब, आज कुठलं पान?" ड्रायव्हर, शिपाई, चहावाला, सगळे हसत. हिंदीत हसत, मल्याळममध्ये हसत, नेपाळीत हसत. मला सगळ्या भाषा कळत.

साठी जवळ आली तसे चाचांचे हात तोकडे पडायला लागले. पेपर हातभर लांब धरूनही अक्षरं लागेनात, तेव्हा त्यांनी तो भिंतीवर टाचणीने लावला आणि मागे सरत सरत दारापर्यंत गेले. औषधाची बाटली मेसच्या आचाऱ्याला खोलीच्या त्या टोकाला धरायला लावायचे. "चष्मा घ्या की," मी म्हणायचो. "चष्मा आहे," ते म्हणायचे. आणि खरोखरच होता. लांबचा चष्मा होता. त्याच्या उजव्या काचेवर वायरमनची काळी चिकटपट्टी लावलेली आणि त्या पट्टीला सुईने पाडलेलं एक भोक. भोकातून बघितलं की माशीही स्पष्ट आणि लक्ष्यही स्पष्ट, असा त्यांचा शोध होता. तो चष्मा घालून ते एकदा थेट मेसमध्ये आले. नव्या मॅनेजरला वाटलं, माणसाचा एक डोळा नोकरीत गेलाय. त्याने घाईघाईने विम्याची चौकशी केली.

हा मॅनेजर जॉर्डनचा. त्याच्या मनात चाचांविषयी शंका बसली ती तिथूनच. बंदुकीचा नेम बसवणारा माणूस दिसत नसेल तर ठेवायचा कशाला? चाचांचा करार संपत आला होता. त्यांना आणखी दोन वर्षं हवी होती. मुलगी डी.एड. करत होती. ती मास्तरीण झाली की मग खलास, मग मी गावाला, असं ते रोज एकदा तरी सांगत. मॅनेजरने सही अडवून धरली. 'बघू' म्हणाला.

त्याच सुमाराला एक कतारी आजोबा आपली जुनी बंदूक घेऊन आले. छोटी, हलकी, बारीक गोळीची. खाली कडीसारखा दांडा, तो पुढे ढकलून मागे ओढला की पुढची गोळी चढते. चाळीस वर्षं त्यांनी ती वापरली होती. हल्ली नळीवरची मागची खाच, टोकावरची माशी आणि लांबचं लक्ष्य, तिन्ही एकदम दिसेनाशी झाली होती. आजोबा आखाती हिंदीत म्हणाले, "बंदूक कुवेस, अच्छा. आँख खराब. क्या लगाएगा?"

"दुर्बीण," मी म्हणालो. उत्तर माझ्या तोंडात तयारच होतं. नळीवर दुर्बीण बसवायची, म्हणजे माशी आणि खाच यांची भानगडच नको. मी पान काढून दाखवलं.

चाचांनी बंदूक उचलली, मधोमध मुठीत धरली आणि नुसती तोलली. मग आजोबांचा हात धरला आणि तोही तसाच तोलला. आजोबांची बोटं थरथरत होती. चाचा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "दुर्बिणीत लक्ष्य मोठं दिसतं, तसं कापरंही मोठं दिसतं. ह्यांना बाटली दिसायची नाय, स्वतःचं म्हातारपण दिसेल. आणि ही बंदूक जिथे हातात धरतात तिथेच तुझी ती नळकांडी येणार. मग ह्यांनी धरायची कुठे? कॅटलॉगला?"

त्यांचं म्हणणं, डोळ्याच्या अगदी जवळ भोकाची चकती बसवायची. भोकाकडे बघायचंच नाही, त्यातून बघायचं. डोळा आपोआप मधोमध येतो. चष्म्यावरची त्यांची चिकटपट्टीच ती, फक्त लोखंडाची.

मी तोवर मॅनेजरकडे चिठ्ठी पाठवून दुर्बीण मागवूनही टाकली होती. ती विमानाने आली. चाचांची चकती मात्र स्टोअरच्याच एका खोक्यात पडलेली निघाली. माझ्या यादीत ती नव्हतीच. हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. "पान फाटलं असेल," ते म्हणाले. चहावाल्याच्या हातातला ट्रे हलला.

मॅनेजरने तोडगा काढला. चाचांनी चकती बसवावी, नेम लावावा, आणि आजोबांसमोर स्वतः पाच गोळ्या झाडून दाखवाव्यात. पाचही मधल्या काळ्या वर्तुळात गेल्या तर चकती ठेवायची आणि त्याच दिवशी करारावर सही. नाहीतर दुर्बीण आणि चाचांना तिकीट. ही अट आपल्याला माहीत नव्हती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. माहीत होती. फाइल माझ्याच कपाटात होती, आणि अट त्या फाइलीत माझ्याच हाताने टाइप केलेली होती.

आदल्या दिवशी दुपारी चाचांनी नेम लावला. चिकटपट्टीचा चष्मा लावून, वाळूच्या पोत्यावर कोपर टेकवून, तीन तास. चकतीच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की चकती डावी-उजवीकडे सरकते. प्रत्येक खटक्याला ते तोंडाने "टक" म्हणत. शेवटचा पुठ्ठा त्यांनी मला आणून दाखवला. पाच गोळ्यांचं मिळून एकच भोक, पाच रियालच्या नोटेवरचा आकडा झाकेल एवढं.

"वाच, कॅटलॉगसाहेब," ते आसपासच्यांना ऐकू जाईल असं हिंदीत म्हणाले, "मला जवळचं दिसत नाय."

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी ते नमाजाला गेले. मी खोली उघडली. बंदूक खुंटीवर होती. मी तो स्क्रू डावीकडे एक पूर्ण फेरा फिरवला. पूर्ण फेरा अशासाठी की स्क्रूच्या डोक्यावर एक खूण असते. अर्धा फेरा दिला असता तर खूण उलट दिसली असती. पूर्ण फेऱ्याने ती होती तिथेच आली. आयुष्यात पहिल्यांदा माझं पुस्तकी ज्ञान प्रत्यक्ष कामाला आलं. एक दिवस त्यांचंही हसू व्हावं, एवढंच मनात होतं, असं इथे लिहिणार होतो. लिहिताना लक्षात आलं की तसं नव्हतं. त्यांनी जावं असंच मला वाटत होतं.

सकाळी सगळे जमले. आजोबा खुर्चीवर, मॅनेजर उभा, मी वही घेऊन. चाचांनी इस्त्री केलेला शर्ट घातला होता. दांडा ढकलायचा, ओढायचा, श्वास अर्धा सोडायचा, गोळी. पाच वेळा. मग पुठ्ठा आणवला. पाचही गोळ्या एकमेकींना चिकटून, पण मधल्या वर्तुळाच्या बाहेर, तीन बोटं डावीकडे.

बंदुकीतलं ज्याला थोडंफार कळतं तो त्याच क्षणी ओळखेल की आंधळ्या माणसाच्या गोळ्या अशा एका जागी पडत नाहीत. त्या विखुरतात. हे तिथे फक्त दोघांना कळलं.

चाचांनी चष्मा काढला. बंदूक मांडीवर घेतली. अंगठ्याचं नख चकतीच्या कडेवरून फिरवलं. एकदा, मग पुन्हा. डोळे मिटलेले होते. मग मान वर न करता, मराठीत, पेपर कुठे ठेवलास असं विचारावं तशा आवाजात त्यांनी मला विचारलं, "एक फेरा?"

आसपास आठ-दहा माणसं होती. त्या दोन शब्दांचा अर्थ एकालाही लागला नाही.

मी वहीत बघत राहिलो.

"क्या बोलता है?" मॅनेजरने विचारलं.

खोलीच्या किल्ल्या दोघांकडेच होत्या. नेम लावलेल्या बंदुकीला कुणी रात्रीतून हात लावला, एवढं त्यांनी म्हटलं असतं तरी पोलीस आले असते. माझी बायको आणि मुलगी नुकत्याच व्हिसावर आल्या होत्या. अबू हमूरला दोन खोल्या घेतल्या होत्या, मुलीला शाळेत घातलं होतं. चाचा जुम्म्याला आमच्याकडे जेवायला यायचे, माझ्या मुलीला 'आधी माशी' करून दाखवायचे. ती त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि ते कोकणीत पुढचे प्रश्न विचारायचे. दोघांचं छान चालायचं.

चाचा उठले. "कुछ नहीं, साहब," ते म्हणाले. "आँख गया."

कतारी आजोबा एकटे हसले, पण प्रेमाने. "मेरा आँख खलास, तेरा आँख खलास," ते म्हणाले आणि त्यांनी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. मॅनेजरने घड्याळ बघितलं.

नोकरी संपल्याचं पत्र अर्थात मीच टाइप केलं. दोन दिवसांनी चाचा सहीसाठी आले. मी माफीची वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांनी ती सुरूच होऊ दिली नाहीत. कागद माझ्याकडे सरकवला.

"काय लिहिलंय ते मराठीत सांग."

"दृष्टी अधू झाल्यामुळे..." मी सुरुवात केली.

"अधू नको. कमी झाल्यामुळे लिही. मुलगी वाचेल."

मी कागद पुन्हा मशीनला लावला. इंग्रजीत तो शब्द कसा बदलला ते आता आठवत नाही. ते खुर्चीवर बसून मशीनचा आवाज ऐकत होते. सही करताना म्हणाले, "दुर्बीण बसवू नको हां त्या म्हाताऱ्याला. तुझ्यावर राग असेल तर माझ्यावर काढ." 'माझ्यावर राग असेल तर' असं म्हणायचं होतं, वाक्य उलटं झालं होतं. त्यांनी ते सुधारलं नाही, मीही नाही. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून ते निघाले. क्लबाची बस त्यांना घ्यायला फाटकाशी उभी होती. ती बाहेरच्या रस्त्याला लागेपर्यंत मी उठलो नाही.

आजोबांनी दुर्बीण लावू दिली नाही. बंदूक तशीच पडून राहिली. दोन महिन्यांनी चाचांच्या जागी एक तरुण फिलिपिनो मिस्त्री आला. कामसू, हसरा. त्याने तिसऱ्या दिवशी ती बंदूक काढली, दोन गोळ्या झाडल्या, स्क्रूवर बोट ठेवलं आणि एक फेरा उजवीकडे दिला. मग पाच गोळ्या. पुठ्ठा नाचवत तो माझ्याकडे आला.

"सर, ज्याने हे बसवलं तो उस्ताद आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "कुणीतरी नंतर स्क्रूला हात लावलाय, बस. कोण होता तो?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मॅनेजर शेजारच्या खोलीत होता, दार उघडं होतं. मी खरं ते नुसतं मोठ्याने बोललो असतो तरी पुरलं असतं. रत्नागिरीला एक पत्र गेलं असतं. कदाचित ते परत आले असते.

"होता एक म्हातारा," मी म्हणालो. "डोळे गेले होते त्याचे."

तो पुठ्ठा आजोबांनी चौकट करवून क्लबाच्या व्हरांड्यात लावला. एकाच भोकात पाच गोळ्या, आणि खाली, नेम कुणी लावला त्या रेघेवर, माझ्या अक्षरात त्या फिलिपिनो पोराचं नाव. मी क्लब सोडला तेव्हाही तो तिथे होता. येणारा-जाणारा थांबून वाचायचा. ते नाव खोटं आहे.